फ्रेमला फ्रेम जोडताना : पॅनोरामाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न एकाच कामाचे आहेत : शेजारशेजारचे बरेच फोटो काढायचे आणि संगणकावर जोडून त्यांचं एक रुंद चित्र करायचं. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकींचं मूळ दोनच गोष्टींत सापडतं. एक तर सगळ्या फ्रेम एकसारख्या नसतात, किंवा त्या एकाच बिंदूतून घेतलेल्या नसतात. जोडणारं सॉफ्टवेअर हुशार असलं तरी या दोन चुका ते फार तर झाकतं, मिटवू शकत नाही.

प्रश्न : माझ्याकडे फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरचा कॅमेरा आणि १४ मिमी व ५० मिमी अशा दोन लेन्स आहेत. डोंगररांगेचा पॅनोरामा १४ मिमीने तीन फ्रेममध्येच उरकतो, पण डोंगर अगदी चिमुकले दिसतात. ५० मिमीने करावा का? फ्रेम किती लागतील?

५० मिमीनेच करा. वाइड लेन्स घ्यायची ती एका फ्रेममध्ये जास्त मावावं म्हणून. पॅनोरामात मावण्याचा प्रश्न फ्रेमची संख्याच सोडवते. मग वाइड लेन्सचा फायदा राहत नाही, दोष तेवढे पदरात पडतात : कडेला ताणलेलं चित्र, काळवंडलेले कोपरे आणि दूरच्या वस्तूच्या वाट्याला येणारे मोजके पिक्सेल. समजा, एखादं शिखर पायथ्यापासून माथ्यापर्यंत ५ अंशांत बसतं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर १४ मिमीने ते साधारण २०० पिक्सेल उंच येईल, ५० मिमीने ७२५ च्या आसपास. डोंगर चिमुकले दिसतात ते यामुळेच.

कॅमेरा उभा धरा. उभ्या फ्रेममध्ये ५० मिमी लेन्स आडव्या दिशेने २७ अंश आणि उभ्या दिशेने जवळजवळ ४० अंश पाहते. शेजारच्या दोन फ्रेममध्ये ३० टक्के भाग सामाईक ठेवला, तर प्रत्येक फ्रेम १९ अंशांची नवी भर घालते. आठ फ्रेममध्ये १६० अंश होतात. ४००० × ६००० पिक्सेलच्या आठ फ्रेम जोडून सुमारे २३,६०० × ६००० चं चित्र मिळतं. कडा कापल्यावर उंची साडेपाच हजारांच्या आसपास उरते, आणि तेवढी पुष्कळ झाली.

पूर्ण ३६० अंशांचा फेरा करायचा असेल, तर उभ्या कॅमेऱ्याने आणि तेवढ्याच ओव्हरलॅपने, म्हणजे सामाईक भागाने, २४ मिमीला १०, ३५ मिमीला १४, ५० मिमीला २० आणि ८५ मिमीला ३२ फ्रेम धरून चाला. फेऱ्याची उंची मात्र लेन्सच ठरवते : २४ मिमीला ७४ अंश, ३५ ला ५४, ५० ला ४० आणि ८५ ला जेमतेम २४. दूरची रांग ८५ मिमीने सुरेख येते, पण वर ढगांचा डोलारा हवा असेल तर दोन ओळी घ्याव्या लागतील. एकच लेन्स सुचवायची तर आम्ही ३५ मिमी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, सुचवू. लहान सेन्सरच्या, म्हणजे १.५ क्रॉपच्या कॅमेऱ्यावर त्याच जागी २३ किंवा २४ मिमी.

ओव्हरलॅप २० टक्क्यांखाली गेला की जोड फ्रेमच्या कडांवरच पडतो. लेन्स सर्वांत मऊ आणि सर्वांत वाकडी असते ती तिथेच. हातात धरून काढताना ४० टक्के ठेवा.

वाइड लेन्सला मज्जाव नाही. अरुंद खोली, उंच कमान किंवा पायाशी असलेला खडक चित्रात हवा असेल तर तीच लागते. गोलाकार ३६० × १८० अंशांच्या चित्रासाठी १५ मिमी फिशआय (रेषा वाकवून अतिरुंद पाहणारी लेन्स) तर उत्तमच : उभ्या कॅमेऱ्याने भोवती सहा फ्रेम, एक वरची, एक खालची, आणि काम झालं.

प्रश्न : कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर होता, शटर आणि ॲपर्चरला हात लावला नाही, तरी जोडलेल्या आकाशात फिकट-गडद उभे पट्टे दिसतात. असं का?

आधी पट्टे नीट पाहा, कारण त्यांच्या ठेवणीवरून चोर सापडतो.

पट्टे ठरावीक अंतराने, फ्रेमगणिक एक असे येत असतील तर तो लेन्सच्या कडांचा काळोख. एफ/१.८ किंवा एफ/२.८ वर, म्हणजे ॲपर्चरचं भोक मोठं उघडलेलं असताना, कोपरे एक-दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) सहज काळवंडतात. सुट्या फोटोत ते खुलून दिसतं, पण अशा आठ फ्रेम शेजारी लावल्या की आकाशाला कुंपण घातल्यासारखं वाटतं. एफ/८ वर या आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल उघडताना लेन्स प्रोफाइलची दुरुस्ती सगळ्या फ्रेमवर सारखीच लावा, तीही जोडण्याआधी. जोडलेल्या चित्रात सॉफ्टवेअरला लेन्सचं केंद्र कुठलं ते कळत नाही.

पट्टे अनियमित असतील, म्हणजे तिसरी फ्रेम उजळ, चौथी-पाचवी सारखी, सहावी पुन्हा गडद असं असेल, तर ऑटो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता आपोआप बदलणारी सोय, चालू राहिलेला आहे. अनेक कॅमेऱ्यांत एम मोडवरही तो चालूच राहतो. तुम्ही शटर-ॲपर्चर बांधून ठेवता आणि कॅमेरा मागच्या दाराने आयएसओ हलवत बसतो. प्रत्येक फ्रेमच्या माहितीत आयएसओचा आकडा पाहिला की लगेच कळेल.

पट्ट्यांऐवजी आकाशात एकच रुंद निळाशार डाग असेल तर लेन्सवर पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, होता. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश फिल्टरमुळे सर्वाधिक गडद होतं आणि दोन्ही बाजूंना फिकट होत जातं. हा डाग सॉफ्टवेअरने धड निघत नाही. रुंद पॅनोरामाला पोलरायझर काढून ठेवलेलाच बरा.

उजेड सारखाच, पण एक फ्रेम पिवळट आणि दुसरी निळसर? मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचा ताळमेळ, ऑटोवर होता. रॉ असेल तर एकच आकडा, समजा ५२०० केल्व्हिन, सगळ्यांना द्या. जेपीईजीच काढत असाल तर निघण्यापूर्वीच डेलाइटवर अडकवा. सावल्या आपोआप उजळणारी जी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते तीही जेपीईजीसाठी बंद करा. ती प्रत्येक फ्रेमचा वेगळा विचार करते, आणि इथे नेमकं तेच नको आहे.

आता उजेड ठरवायचा कसा? कॅमेरा एकदा पूर्ण पट्ट्यावरून फिरवा आणि सर्वांत उजळ जागी थांबा. एफ/८ आणि आयएसओ १०० ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकाच शटर ठरवा. तो पुढे हलवायचा नाही. अंधाऱ्या टोकाची फ्रेम स्क्रीनवर काळपट दिसेल. दिसू द्या, रॉमध्ये ती वर येते. सूर्यच चित्रात असेल आणि दुसरं टोक गडद सावलीत असेल तर प्रत्येक जागी दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेम घ्या. फरक करायचा तो शटरनेच. ॲपर्चर हलवलं तर कडांचा काळोख आणि फोकसची खोली दोन्ही बदलतात. आणि एका जागचे तिन्ही फोटो झाल्याशिवाय पुढे सरकू नका. एक फेरा गडद, मग एक फेरा उजळ असं केलं तर फेऱ्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

प्रश्न : मागचे डोंगर बरोबर जुळतात, पण समोरचं रेलिंग प्रत्येक जोडावर तुटतं. ट्रायपॉड होता. ‘नोडल पॉइंट’वर फिरवायचं असतं म्हणतात. तो शोधायचा कसा?

अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो, भिंत जागची हलत नाही. रेलिंगचंही तसंच झालं. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या पोटाखाली, सेन्सरच्या जवळपास असतो. लेन्स मात्र जग पाहते ते पुढच्या बाजूच्या एका बिंदूतून. कॅमेरा फिरवला की तो बिंदू हवेत कमान काढत सरकतो. समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर ॲपर्चरचं भोक जिथे असल्यासारखं दिसतं, तोच हा बिंदू. ऑप्टिक्सच्या पुस्तकातला नोडल पॉइंट वेगळा. पण फोटोग्राफरांच्या तोंडी हेच नाव बसलं आहे, तेव्हा तेच चालवू.

हा बिंदू फिरण्याच्या अक्षापासून १० सेंमी पुढे असला, तर २० अंश फिरवताना तो साडेतीन सेंमी सरकतो. ५० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेल धरले तर दोन मीटरवरचं रेलिंग मागच्या डोंगरांच्या तुलनेत जवळजवळ १४५ पिक्सेल उडी मारतं. १०० मीटरवरचं झाड तीन पिक्सेल हलतं आणि एक किलोमीटरवरची टेकडी पिक्सेलचा तिसरा हिस्सा. सगळंच शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे असेल तर या उपद्व्यापात पडूच नका. समोर काही जवळचं आलं की मात्र सुटका नाही.

साहित्य म्हणजे कॅमेरा उभा बसवणारी एल ब्रॅकेट आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली सरकती पट्टी, म्हणजे नोडल रेल. समोरून पाहून लेन्सचा मध्य आधी अक्षाच्या बरोबर वर आणा. मग राहतं ते पुढे-मागे सरकवणं.

साधारण एक मीटरवर एक दोरी टांगा. खाली वजन बांधा आणि ते पाण्याच्या भांड्यात बुडवा, म्हणजे दोरी झुलत नाही. मागे जितकी दूर मिळेल तितकी दूरची एक उभी कड निवडा, खांब किंवा इमारतीचा कोपरा. पन्नास मीटरच्या पुढची असली तर उत्तम. ॲपर्चर एफ/११ वर ठेवा, म्हणजे दोन्ही ओळखण्याइतपत स्पष्ट दिसतात. कॅमेरा असा लावा की दोरी आणि कड फ्रेमच्या उजव्या टोकाला एकमेकींवर येतील. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं थेट चित्र, मोठं करून पाहा. आता कॅमेरा उजवीकडे फिरवा, दोन्ही फ्रेमच्या डाव्या टोकाला येईपर्यंत, आणि पुन्हा पाहा.

दोरी कडेच्या डावीकडे सरकली असेल तर कॅमेरा पट्टीवर जास्त पुढे आहे, मागे घ्या. उजवीकडे सरकली असेल तर तो जास्त मागे आहे, पुढे घ्या. सुरुवातीला १० मिमीच्या टप्प्याने सरकवा. दिशा उलटली की दोन-दोन, शेवटी एकेक मिमी. दोन्ही टोकांना दोरी कडेवरच राहिली की पट्टीवरचा आकडा कागदावर लिहून लेन्सच्या टोपणाच्या आत चिकटवा. प्राइम लेन्सला एक आकडा पुरतो. झूमला प्रत्येक फोकल लेंग्थचा वेगळा लागतो, म्हणून झूमवर दोन-तीनच फोकल लेंग्थ ठरवून घ्याव्यात.

प्रश्न : पॅनोरामा मोठा छापायचा आहे, म्हणून एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवतो. तरीही चित्र मऊ येतं. फोकस दर फ्रेमला नव्याने करावा का?

दोन्ही उलट करा. एफ/१६ च्या पुढे बारीक भोकातून प्रकाश पसरू लागतो आणि सगळी फ्रेम सारखीच मऊ होते. एफ/८, फार तर एफ/११. फोकस एकदाच करायचा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकायची. फोकस हलला की बऱ्याच लेन्समध्ये चित्राचा आकारही किंचित लहान-मोठा होतो. मग शेजारच्या दोन फ्रेममधली तीच खिडकी एकाच मापाची राहत नाही.

एफ/८ वर फुल फ्रेमला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं) २४ मिमीसाठी २.४ मीटर, ३५ साठी ५ आणि ५० साठी साडेदहा मीटर येतं. हे आकडे लहान प्रिंटच्या हिशेबाचे आहेत. मोठ्या छपाईसाठी दुपटीवर फोकस करा, म्हणजे ५० मिमीला २० मीटरच्या थोडं पुढे. मग त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत खरंखुरं धारदार येईल. फोकस आणि झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. लेन्स खाली झुकवली की काही झूम स्वतःच्या वजनाने घसरतात, आणि ते घरी आल्यावर कळतं.

ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर झाकणारी सोय, बंद ठेवा. ते लेन्समधली काच किंवा सेन्सर हलवतं, त्यामुळे चित्राचं केंद्र दर फ्रेमला थोडं वेगळं पडतं. सॉफ्टवेअर मात्र ते सगळ्यांत एकच असल्याचं धरून चालतं.

प्रश्न : क्षितिज सापासारखं वळवळतं. बॉल हेडवरच्या (ट्रायपॉडवर कॅमेरा धरणाऱ्या गोळ्याच्या सांध्यावरच्या) लेव्हलचा बुडबुडा अगदी मध्यावर आणला होता.

बुडबुडा चुकीच्या जागी मध्यावर आणलात. बहुतेक बॉल हेड बॉलच्या खालून फिरतात. ट्रायपॉडचे पाय तिरके असतील तर फिरण्याचा अक्षही तिरकाच राहतो. बॉल हलवून पहिली फ्रेम सरळ होते, पण फिरवत गेलात की कॅमेरा एका बाजूला वर चढतो आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरतो. सरळ करायचा तो अक्ष. पाय कमी-जास्त करून पाहा, किंवा बॉलखाली लेव्हलिंग बेस बसवा. बॉलच्या वर फिरणारी चकती मिळते, ती बसवली तरी चालतं. मग चकती सपाट केली की झालं. परीक्षा सोपी आहे : दोन्ही टोकांना आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी कॅमेऱ्यातली लेव्हल हिरवी दिसली पाहिजे.

आधीच काढलेली मालिका हाताशी असेल तर हगिन किंवा पीटीगुई या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खांब, भिंतींचे कोपरे अशा खऱ्याखुऱ्या उभ्या वस्तूंवर दोन-तीन ‘व्हर्टिकल’ रेषा मारा, म्हणजे क्षितिज बरंचसं ताळ्यावर येतं. वर-खाली कापावं मात्र जास्त लागतं. हगिन मोफत आहे आणि शिकायला थोडं किचकट, पण या कामाला पुरून उरतं.

प्रश्न : सरळ रस्ता आणि लांब भिंत जोडल्यावर धनुष्यासारखी वाकते. लेन्सचा दोष?

लेन्सचा नाही, प्रोजेक्शनचा, म्हणजे भोवतालचं दृश्य सपाट चित्रावर पसरण्याच्या पद्धतीचा. नळकांड्यावर, म्हणजे सिलिंड्रिकलमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात, पण क्षितिज सोडून बाकीच्या आडव्या रेषा वाकतात. रेक्टिलिनिअरमध्ये सगळ्याच सरळ राहतात, मात्र कडा ताणल्या जातात. चित्र १२० अंशांचं असेल तर अगदी कडेची वस्तू मधल्यापेक्षा चौपट रुंद आणि दुप्पट उंच होते. म्हणून इमारतींना ९०-१०० अंशांपर्यंत रेक्टिलिनिअर, त्यापुढे सिलिंड्रिकल. भिंत वाकलेली नकोच असेल तर तिच्या मध्यासमोर उभं राहू नका. एका टोकाशी उभं राहून ती दूर जाताना टिपा, म्हणजे वाक डोळ्याला कमी जाणवतो.

प्रश्न : ट्रायपॉड नसताना, किंवा फोनवर, काही जमेल का?

जमेल, समोर जवळचं काही नसेल तर. कॅमेरा छातीशी धरून स्वतःभोवती फिरू नका. कॅमेरा जागच्या जागी राहील आणि तुम्ही त्याच्याभोवती पावलं टाकाल असं फिरा. शटर १/२५० च्या आसपास ठेवा. फोनच्या पॅनोरामा मोडपेक्षा मुख्य लेन्सने सुटे फोटो काढून जोडा, अल्ट्रावाइडने नाही. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मालिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी हाताच्या पंजाचा एकेक फोटो घ्या. घरी तीनशे फाइलींत कुठली मालिका कुठे संपली ते शोधत बसावं लागत नाही.

प्रश्न : लाटा आणि चालणारी माणसं जोडावर अर्धवट कापली जातात.

ओव्हरलॅप ५० टक्के करा, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जागा दोन फ्रेममध्ये येते आणि मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, अख्खा माणूस एकाच फ्रेममधून घेता येतो. गर्दी असेल तर प्रत्येक जागी दोन-तीन फ्रेम जास्तीच्या काढा. लाटांना अर्धा ते एक सेकंद शटर दिलं तर पाणी धुरकट होतं आणि जोड लपतो. खडकावर आपटणारी लाट मात्र एका फ्रेमच्या मधोमध घ्यायची, जोडावर नाही.

प्रश्न : ८५ मिमीने पूर्ण फेरा केला, जोडला, पण फाइल सेव्हच होत नाही.

२४ मेगापिक्सेलवर ८५ मिमीचा पूर्ण फेरा साधारण ८९,००० पिक्सेल रुंद होतो. जेपीईजी ६५,५३५ पिक्सेलच्या पुढे जात नाही. फोटोशॉपची पीएसडी ३०,००० वर थांबते. साध्या टिफमध्ये रुंदी बसते, पण फाइल ४ जीबीच्या आत असावी लागते. ८९,००० × ६००० चं १६ बिटचं चित्र एकाच लेअरचं असलं तरी ३ जीबीच्या वर जातं, लेअर ठेवलेत की मर्यादा ओलांडलीच. फोटोशॉपच्याच मोठ्या फाइलींच्या पीएसबीमध्ये सेव्ह करा, तिची मर्यादा ३,००,००० पिक्सेल आहे. जेपीईजी हवीच असेल तर जोडतानाच रुंदी ६०,००० ठेवा. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) तीसुद्धा पाच मीटर लांब छापली जाते.